आता नाही लागत

या, जरा जवळ सरकून बसा. दाराशी नका बसू. दाराशी बसलेल्याला कीर्तन अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तो आपल्या मनानं भरून घेतो. गोष्ट काही फार मोठी नाही. एका गाडीची आहे, गाडीखालच्या चार शॉकअपची आहे, आणि एका आवाजाची आहे. तो आवाज इतका लहान होता, की इंजिन चालू असताना आपण तो ऐकलाच नाही असं कुणालाही शपथेवर सांगता आलं असतं. देवाचं नाव घेऊन सांगतो, सांगण्यासारखं आहे म्हणून सांगतो, आणि सांगून झाल्यावर तुमच्याकडं एक मागणं मागतो.

गोंदियाहून गोरेगावकडं निघालं की रेल्वेचं एक फाटक लागतं. तिथं रूळ आणि डांबर यांच्यामध्ये दर पावसाळ्यात फट पडते, कुणीतरी तिच्यात गिट्टी टाकतं आणि ट्रकच्या चाकांनी ती गिट्टी दिवाळीच्या आत उडून जाते. टिकेश रहांगडालेची गाडी त्या फाटकावरून गेली तेव्हा पुढचं डावं चाक फटीत उतरलं आणि वर आलं. खालून एक हिसका आला, सीटमधून कमरेत शिरला आणि निघून गेला. एवढंच. दिवसात असे पन्नास हिसके माणूस खातो आणि विसरतो. पण त्याच वेळी शेजारच्या सीटवर बसलेली त्याची धाकटी बहीण योगेश्वरी म्हणाली, "मा". नुसतं "मा". माय म्हणायची होती तिला, पण पुढचा "य" तिनं गिळला, जसा आपण पानातला खडा कुणाला दिसू नये म्हणून गिळतो. टिकेशनं मान वळवली नाही. समोर धानाची पोती भरलेला ट्रॅक्टर चालला होता, त्याच्याकडं बघत तो मनात म्हणाला, शॉकअप फारच कडक झालेत. आणि मग त्याचं मन, पाण्याला उतार सापडावा तसं, त्या शॉकअपकडं धावत सुटलं.

कारण त्या दिवशी त्याला खरोखरच एक निर्णय घ्यायचा होता. गाडी त्याची लाडकी. पुण्याच्या कुणा हौशी माणसाकडून घेतलेली, ठेंगणी, रुंद, रंगानं काळपट निळी. गोंदियाच्या रस्त्यावर ती उभी राहिली की पोरं तिच्या काचेत आपले केस नीट करायची. वडिलांची राइस मिल होती, मिलमध्ये त्याचा दिवस कोंड्याच्या धुळीत जायचा आणि रविवारी सकाळी तो ही गाडी घेऊन कोहमाऱ्याच्या हायवेवर जायचा, वेगाचा काटा वर चढवायचा, आणि तेवढा वेळ त्याला आपण कुणाचेच कुणी नाही असं हलकं वाटायचं. नागपूरला दुर्गेश नावाचा एक गॅरेजवाला होता, अशा गाड्यांचा जाणकार आणि बोलघेवडा. त्यानं एक जोड आठवडाभर वापरून बघायला दिला होता, हातानं कसायचा. प्रत्येक शॉकअपच्या डोक्यावर अंगठ्याएवढी घुंडी. उजवीकडं फिरवली की चाक कडक, डावीकडं फिरवली की नरम, आणि फिरवताना बोटाला खट् खट् असे खटके लागत. याला म्हणायचं ॲडजस्टेबल. दुसरा जोड मागवावा लागणार होता. त्याला घुंडी नाही. चाकाशी बसवलेल्या डोळ्यांनी तो रस्ता वाचतो, आतलं तेल आपोआप घट्ट होतं, आपोआप पातळ होतं, खड्डा आला की माणसाला कळायच्या आत तो बदललेला असतो. तो ॲडॅप्टिव्ह. कोणता पाहिजे ते संध्याकाळपर्यंत सांग, म्हणजे मागवायचा की नाही ते मले समजंन, असं दुर्गेशनं सकाळीच फोन करून सांगितलं होतं. टिकेशला फाटक ओलांडताना वाटलं, सांगायचं आहे, विचार केला पाहिजे. तो शॉकअपचा विचार करू लागला, म्हणजे बहिणीचा विचार करायला जागा उरली नाही.

ॲडजस्ट. हा शब्द त्यांच्या घरात केव्हा आला कोण जाणे. लहानपणी तो फक्त एसटीत ऐकू यायचा. दोघांच्या सीटवर तिसरा टेकताना म्हणायचा, भैया, थोडा ॲडजस्ट करो, आणि दोघं अंग चोरून घ्यायचे. मग तो मिलमध्ये आला. धान सोलायचे दोन रबरी रोल असतात, त्यांच्यामधली फट ॲडजस्ट करावी लागते. जास्त कसली की तांदूळ तुटतो, नुसती कनकी निघते, आणि सैल सोडली की धान जसंच्या तसं खाली पडतं. टिकेशचे वडील इंदरलाल हाताच्या तळव्यावर चार दाणे घेऊन, डोळे बारीक करून ती फट ठरवायचे, आणि त्यांचा तांदूळ कमी तुटतो असं गोंदियाच्या बाजारात मान्य होतं. मिलमधून तो शब्द घरी आला. योगेश्वरीचं लग्न होऊन पहिल्या वर्षी ती रडत आली तेव्हा इंदरलाल म्हणाले होते, थोडं ॲडजस्ट करा लागते, बाई, तुह्या मायनं नाही केलं का? तेव्हा माय, रामकली, चुलीकडं तोंड करून उभी होती. तिची पाठ टिकेशला दिसत होती, पाठीवरचा पदर दिसत होता. त्या पाठीनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पुढं मायनंही तो शब्द वापरला, काकूनं वापरला, आणि आज सकाळी टिकेशनं. सकाळी योगेश्वरी अंगणात गाडीजवळ उभी होती, पिशवी खाली न ठेवता, आणि म्हणाली होती, "दादा, मले होळीपावेतो राहू दे न इथंच." तिनं कारण सांगितलं नाही. त्यानं विचारलं नाही. तो म्हणाला, "थोडं ॲडजस्ट कर योगू, होळीले मीच येतो तुले घ्याले." आणि पिशवी तिच्या हातातून घेऊन डिकीत ठेवली. पिशवी हलकी होती. मंडईच्या जत्रेसाठी माहेरी आलेली बाई जाताना मायच्या हातच्या वड्या, पापड, चार नवे कपडे घेऊन जाते. हिची पिशवी येताना होती तेवढीच हलकी.

दिवाळी झाली की त्या बाजूला गावोगाव मंडई भरते. ज्या गावची मंडई, त्या गावच्या लेकी त्या दिवशी सासरहून येतात, दंडारीचं नाच-नाटक बघतात, जिलेबी खातात, शाळेतल्या मैत्रिणींना मिठ्या मारतात. दवनीवाड्याला रहांगडाल्यांचं जुनं घर, तिथं योगेश्वरी आली. पण यंदा ती दंडार बघायला गेली नाही. मैत्रीण हाक मारत आली तेव्हा म्हणाली, बसवत नाही वं मले जमिनीवर, कंबर दुखते. विहिरीवरून पाण्याची एकच गुंड आणली, तीही डाव्या कडेवर नाही तर हातात लटकवून. केस विंचरताना डावा हात वर जात नव्हता, म्हणून वेणी मायकडून घालून घेतली. हे सगळं टिकेशनं पाहिलं होतं. पाहिलं होतं हे त्याला आता, फाटकाच्या पुढं, ट्रॅक्टरच्या मागं हळूहळू जाताना कळत होतं, जसं मिलमध्ये दिवसभर चाललेला एखादा पट्टा बंद पडल्यावरच त्याचा आवाज होता असं कळतं. खैरीटोल्याहून, तिच्या सासरहून, जावयाचा फोन आला होता, धान मळायचं आहे, पाठवा. इंदरलाल म्हणाले, त्याचं म्हणणं रास्त आहे. धान मळायचं असतं हे खरंच होतं. त्या दिवसात सगळ्याच घरी धान मळायचं असतं.

नागपूरला त्यानं दुर्गेशच्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीत बसून तो दुसरा, आपोआप बदलणारा जोड बघितला होता. त्या गिऱ्हाइकानं मुद्दाम फुटक्या रस्त्यावर गाडी घातली. टिकेशनं डोळे मिटले होते. खड्डे येत होते हे त्याला खालच्या दबक्या धडपडीवरून कळत होतं, पण अंगाला काहीच लागत नव्हतं. कुणीतरी गाडीखाली पालथं झोपून, रस्ता पाठीवर घेत, प्रत्येक दगड मोजत चाललं आहे असं त्याला वाटलं. त्याला ते आवडायला हवं होतं. उलट त्यानं झटकन डोळे उघडले. दुर्गेश म्हणाला होता, भाऊ, याले सगळं समजते, रस्ता काय करून राहिला ते याच्यापासून लपत नाही. टिकेश हसला होता, आणि हसता हसता मनात म्हणाला होता, सगळं समजणारी वस्तू घरात कायले पाहिजे? आपल्या हातात असलेली घुंडी बरी. आपल्याला वाटेल तेव्हा कसावी, वाटेल तेव्हा सैल करावी, आणि ती कुणाला काही सांगत नाही.

गोरेगावला बाजार होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी भाजीची पालं, बांबूची सुपं, सुकी मासळी, आणि मधून मोटारसायकली. गाडी जवळजवळ थांबत पुढं सरकत होती. बाजार संपेपर्यंत तीन-चार गतिरोधक. पहिल्यावर योगेश्वरीनं दाराच्या वरचा आधाराचा कडा धरला. दुसऱ्याच्या आधीच धरला, म्हणजे ती रस्ता वाचत होती. दोन्ही वेळा तिनं ओठ आत घेतले आणि आवाज येऊ दिला नाही. टिकेशला ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. इथून वळता येईल, असं त्याच्या मनात आलं. बाजाराच्या टोकाला एसटी वळायची मोकळी जागा होती. वळायचं तर काय सांगायचं? इंदरलालांना काय सांगायचं, खैरीटोल्याला काय सांगायचं? गाडीत बहीण "मा" म्हणाली, म्हणून वळलो? असं कुणी वळत नाही. त्यानं विचारलं ते एवढंच, "काऊन, लागून राहिलं का?"

"नाही."

"मंग कडा काऊन धरला?"

"तुह्या गाडीले भेते मी," ती म्हणाली आणि खरंच हसली. "हे काय गाडी होय? इच्या पैशात बाबूजीनं बैलगाडी घेतली असती तं चार माणसं तरी बसले असते."

तोही हसला. लहानपणापासून तिची ही सवय, तोंडावर बोलून मोकळं व्हायची. तिच्या टोमण्यानं त्याला इतकं बरं वाटलं, की एसटी वळायची जागा मागं गेली ते त्याला कळलंही नाही. बोलते आहे म्हणजे ठीक आहे. हसते आहे म्हणजे काही नाही. गाडी कडक आहे, बस. आणि पुन्हा त्याचं मन घुंड्यांपाशी गेलं: किती कसल्या होत्या आपण? रविवारी हायवेवर वळण घेताना गाडी कलू नये म्हणून जवळजवळ शेवटपर्यंत कसल्या होत्या. मग लागणारच. कुणालाही लागेल.

दवनीवाड्याला चैत्रात सप्ताह बसायचा तेव्हा गोरेगावकडचे उदाराम महाराज कीर्तनाला यायचे. ठेंगणे, काळे, आवाज असा की मंडपाच्या बाहेर बांधलेले बैलही कान हलवायचे. टिकेश तेव्हा शाळेत होता आणि योगू त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून पूर्वरंगातच झोपायची. पण महाराजांचं एक होतं. गोष्ट रंगात आली, पखवाज चढला, टाळ चढले, माणसं डोलायला लागली, की मध्येच ते हात वर करायचे. पखवाज थांबायचा. टाळ थांबायचे. इतका आवाज एकदम गेल्यावर कानात नुसती हवा वाजायची. महाराज म्हणायचे, आता ऐका. आणि काहीच बोलायचे नाहीत. त्या शांततेत मंडपात कुणीतरी, नेहमीच कुणीतरी, रडत असलेलं ऐकू यायचं. टाळांच्या आवाजात ते लपलेलं असायचं. मग महाराज अगदी हळू म्हणायचे, देव याच्याच घरी गेला होता आत्ता, तुम्ही टाळ वाजवत होते तेव्हा. योगू त्या शांततेतच जागी व्हायची आणि विचारायची, दादा, संपलं का? आवाजात तिला झोप लागायची आणि शांततेत जाग यायची. गोरेगाव ते कोहमारा या सरळ रस्त्यावर, दोन्हीकडं कापलेल्या धानाची खुंटं पिवळी पडलेली, टिकेशला हे का आठवावं? त्याला ते आठवायला नको होतं. त्यानं गाडीतला टेप मोठा केला. योगेश्वरीनं हात पुढं करून तो लहान केला, आणि हात परत नेताना मधेच थांबली, श्वास थांबवून, मग सावकाश टेकली.

कोहमाऱ्याच्या चौकाच्या अलीकडं त्यानं गाडी ढाब्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. कायले थांबवली, असं तिनं विचारलं नाही. इंजिन बंद झालं, पंखा थोडा वेळ फिरून थांबला, ट्रक गेला, आणि मग त्याला तिचा श्वास ऐकू आला. तो सलग नव्हता. तुकड्यातुकड्यानं आत जात होता, एक पायरी चढून थांबावं, मग दुसरी. टिकेशचे हात स्टिअरिंगवर होते. समोर चौक होता. उजवीकडं नागपूर, डावीकडं रायपूर, सरळ गेलं की खैरीटोला, आणि मागं घर. सगळे रस्ते त्या चौकातून जात होते, आणि त्याला हे चांगलं कळत होतं की इथं विचारलं तर ती सांगेल. एक शब्द विचारायचा होता. विचारला असता तर तिनं पदर बाजूला केला असता, मग त्यानं ते पाहिलं असतं, आणि एकदा पाहिल्यावर ते न पाहिलेलं होणार नव्हतं. मग घर, बाबूजी, जात, बैठक, खैरीटोल्याचे चार म्हातारे, आणि त्या सगळ्यांच्या तोंडात तो एकच शब्द. त्याच्या छातीत काहीतरी भरून आलं. प्रेमच होतं ते, मंडळी. देवाशपथ सांगतो, दुसरं काही नव्हतं. बहिणीवर त्याचा जीव होता, आणि तिच्यासाठी आत्ता, या क्षणी काहीतरी करावं असं त्याला इतकं तीव्रपणे वाटलं, की त्यानं दार उघडलं, खाली उतरला आणि बोनेट उचललं.

तो चारही घुंड्या सैल करू लागला. आधी पुढच्या दोन. मग डिकीतली तिची हलकी पिशवी बाजूला ठेवून, खालची चटई उचलून, मागच्या दोन. खट्, खट्, खट्, डावीकडं, जाईल तितकी. मागच्या डाव्या घुंडीचा एक खटका अडला, तर त्यानं रुमाल गुंडाळून तो फिरवला. बोटांना तेल लागलं, कपाळाला घाम आला. आणि ते करत असताना त्याला आपण बहिणीचं दुखणं स्वतःच्या हातानं कमी करत आहोत असं वाटलं. मान वर केली तेव्हा योगेश्वरी काच खाली करून, आरशातून त्याच्याकडं बघत होती. तिचे डोळे भरलेले होते. तिला कळलं होतं, तो काय करतो आहे ते. तो का करतो आहे, तेही कळलं होतं. दाराजवळ येऊन, हात पुसत, तो म्हणाला, "सैल केले. आता नाही लागनार तुले."

तिनं पदरानं डोळे टिपले. मग म्हणाली, "कुठपावेतो सैल केले, दादा?"

"पुरे. खैरीटोल्यापावेतो काही समजनार नाही तुले."

"बरं," ती म्हणाली.

गाडी निघाली. चौक ओलांडला. मऊ झालेली गाडी रस्त्यावर नावेसारखी डुलत होती, खड्ड्यात उतरत होती आणि वर येत होती, पण हिसका असा नव्हता. पुढं जंगलाच्या कडेनं रस्ता फार फुटलेला होता. त्यातून जाताना त्यानं दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा ती म्हणाली, आता नाही लागत. तिनं कडा सोडून दिला होता, हात मांडीवर ठेवले होते. टिकेशला इतकं समाधान झालं की त्याच्या मनात संध्याकाळचं उत्तरही तयार झालं. हातानं कसायचाच ठेवू. आपल्याजवळ कोण माणसं बसली आहेत ते बघून आपणच सैल करावं, मशीनला काय कळतं? पुढं एक नवीन डांबराचा तुकडा लागला, तव्यासारखा सपाट. तिथं चाकाखाली काहीच नव्हतं. आणि तिथं, त्या गुळगुळीत रस्त्यावर, तिच्या तोंडून पुन्हा आलं, "मा".

त्यानं ऐकलं. रस्त्यात काही नव्हतं हेही त्याला दिसलं. त्याच्या बोटांना अजून तेलाचा वास येत होता.

खैरीटोल्याला अंगणात धानाच्या पेंढ्या पसरलेल्या होत्या. जावई ओमेश्वर पुढं आला, धोतराऐवजी पँट, कपाळाला गंध, तोंडभर हसू. त्यानं पाणी मागवलं, चहा मागवला, सासूबाईंची तब्येत विचारली, सगळं रीतसर. योगेश्वरी पिशवी घेऊन आत गेली; उंबरठ्यावर तिनं डावा हात बरगडीशी नेला आणि ओमेश्वरनं मान वळवताच तो खाली घेतला. मग ओमेश्वर गाडीपाशी आला, कौतुकानं तिच्याभोवती फिरला, आणि बोनेटवर दोन्ही तळवे ठेवून त्यानं जोर दिला. गाडी खाली बसली. त्यानं हात काढले. गाडी सावकाश वर आली. "सालेसाब," तो म्हणाला, "लयच नरम करून टाकली जी. दाबली का बसते, सोडली का उठते." पुन्हा एकदा दाबून बघितलं. "अशीच पाहिजे."

टिकेश हसला. हे त्याला पुढं कितीदा आठवलं, की आपण हसलो. चहा कपात थोडा राहिला तो तसाच ठेवून तो उठला. आतून योगेश्वरी दारात आली, भाऊ जाताना बहीण येते तशी, आणि त्याच्या शर्टाच्या बाहीला लागलेला तेलाचा डाग तिनं पदरानं पुसायचा प्रयत्न केला. डाग पसरला. "साबणानं जाते का पाह्य," ती म्हणाली. "माय-बाबूजीले सांग, मी चांगली पोचली."

परतताना कोहमाऱ्याजवळ दुर्गेशचा फोन आला. मग काय ठरलं, भाऊ? टिकेशनं सांगितलं, ॲडजस्टेबलच ठेवतो, दुसरा मागवू नको. दुर्गेश थोडा खट्टू झाला; तो म्हणाला, विचार कर भाऊ, कसायचा विसरला तं हायवेवर गाडी उडून जाईल, तो दुसरा निदान स्वतःहून जागा राहते. टिकेश म्हणाला, माझ्या हातात राहिलेलं बरं. घुंड्या त्यानं पुन्हा कसल्या नाहीत. उद्या कसू म्हणाला, मग मिलमध्ये धानाच्या गाड्यांची रांग लागली, आणि त्या तशाच राहिल्या.

पौष संपायच्या आत खैरीटोल्याहून निरोप आला. योगेश्वरी परसात पडली, म्हणाले. दगडावर पडली. सांगणाऱ्याचा आवाज इतका नीट, पाठ केल्यासारखा होता की रामकलीनं हातातला फोन ठेवला आणि सरळ गाडीत जाऊन बसली. ते पोचले तेव्हा योगेश्वरी खाटेवर होती, डोळे उघडे, बोलत नव्हती. रुग्णवाहिका कुठंतरी दुसरीकडं गेली होती. तिला मागच्या सीटवर निजवलं, डोकं मायच्या मांडीवर. ओमेश्वर म्हणाला, मी मागून मोटारसायकलनं येतो. आला नाही.

गाडी अजून सैल होती. टिकेशनं असं कधी चालवलं नव्हतं, प्रत्येक दगड आधी बघून, प्रत्येक खड्ड्याला वळसा घालून, रस्त्याला पाय लागू नये असं. मागून माय एवढंच म्हणत होती, हळू बावा, हळू बावा, आणि मध्येमध्ये देवाचं नाव. जंगलाच्या कडेच्या फुटक्या रस्त्यावर मागून आवाज आला, "मा". कोहमाऱ्याच्या चौकात आला. टिकेश त्या आवाजाला धरून गाडी चालवू लागला. तो आवाज आला की त्याला धीर यायचा. लागतं आहे म्हणजे आहे. गोरेगावच्या गतिरोधकांवर आला, बारीक, पण आला. मग रेल्वेचं फाटक दिसलं. उघडं होतं. रूळ आणि डांबर यांच्यामधली फट तशीच होती. तिला वळसा घालता येत नाही. त्यानं गाडी जवळजवळ थांबवली आणि पुढचं डावं चाक त्या फटीत उतरवलं. गाडी बसली, उठली. त्यानं वाट पाहिली. मागची चाकं उतरली, उठली. मागून मायचं हळू बावा, हळू बावा थांबलं होतं. त्यानं इंजिन बंद केलं, रुळांच्या पलीकडं, रस्त्याच्या मधोमध, आणि ऐकलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. त्या सगळ्या हॉर्नच्या आतल्या बाजूला शांतता होती.

दवाखान्यातली डॉक्टरीण वयानं योगेश्वरीएवढीच असावी. तिनं ते सगळं केलं जे करायचं असतं, मग बाहेर आली आणि टिकेशला एका बाजूला घेतलं. आज ज्यानं जीव गेला ते वेगळं, ती म्हणाली, पण डाव्या अंगाच्या दोन बरगड्या जुन्या मोडलेल्या आहेत. वेड्यावाकड्या जुळल्यात. दिवाळीच्या सुमाराच्या असतील. तेव्हा ही कुठं होती?

"आमच्या घरी," टिकेश म्हणाला. "मंडईले आली होती."

"मग लक्षात कसं आलं नाही तुमच्या? उठताना, बसताना, गाडीतून जाताना तर फार दुखलं असणार तिला."

टिकेशनं तिच्याकडं पाहिलं. शर्टाच्या बाहीवर तो डाग अजून होता, साबणानं गेला नव्हता. तो म्हणाला, "मले वाटलं, गाडी कडक आहे."

इंदरलालांच्या मिलमध्ये आजही रोल कसले जातात, पण तो शब्द कुणी काढला की म्हातारा तळव्यावरचे दाणे खाली टाकून बाहेर जाऊन उभा राहतो. ओमेश्वरविरुद्ध पोलिसात तक्रार रामकलीनं दिली. अंगठा नाही, सही केली तिनं, शाळेत शिकलेली चार अक्षरं जुळवून, आणि कोर्टाच्या तारखांना तीच जाते. निळी गाडी मिलच्या मागं, कोंड्याच्या ढिगाजवळ उभी आहे. तिच्यावर धूळ बसली आहे, पोरं आता तिच्या काचेत केस नीट करत नाहीत. कुणी बोनेटवर हात ठेवला तर ती अजून खाली बसते आणि सावकाश वर येते, म्हणून टिकेश कुणाला हात ठेवू देत नाही.

यंदाच्या चैत्रात दवनीवाड्याला सप्ताह बसला. उदाराम महाराज आता थकलेत, पण आले. पखवाज चढला, टाळ चढले, आणि महाराजांनी हात वर केला. सगळं थांबलं. त्या शांततेत जो आवाज आला तो दाराकडून आला. टिकेश तिथं बसला होता, अगदी शेवटी, चपलांजवळ, आणि एक खांदा थोडा खाली सोडून बसला होता, कुणीतरी त्यावर डोकं ठेवून झोपलं असल्यासारखा. महाराज आपलं नेहमीचं वाक्यही बोलले नाहीत. बऱ्याच वेळानं त्यांनी पखवाजवाल्याकडं बघून मान हलवली.

मागणं मागतो म्हणालो होतो. ते एवढंच आहे. तुमच्या शेजारी बसलेलं कुणी रस्त्यात काही नसताना श्वास अडवील, तेव्हा ही एक बाई आठवा. इंजिन बंद करा आणि तिचं नाव घ्या. अर्धं घेऊ नका. अर्धा शब्द तिनं गिळला होता, तेवढा पुरे झाला. योगेश्वरी. पूर्ण म्हणा.